वाढत्या अंगाची सायकल

सायकल विकत घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहाविषयी जी एक संख्या खात्रीने ठाऊक असते, ती त्याची उंची. आणि माउंटन बाइकच्या फ्रेमचे माप ठरवताना जी संख्या एकटी फारशी कामाला येत नाही, तीही उंचीच. या विसंगतीचा उलगडा होण्यासाठी ‘फ्रेमचे माप’ म्हणजे नेमके कशाचे माप, हे आधी पाहिले पाहिजे; कारण आपल्याकडच्या बाजारात या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराचे एक, गिऱ्हाइकाचे दुसरे आणि सायकलीवर चिकटवलेल्या स्टिकरचे तिसरेच असते.

परंपरेने फ्रेमचे माप म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. पायडलांचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, तो आस ज्या आडव्या नळकांड्यात बसवलेला असतो त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. या आसाच्या मध्यापासून उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर माउंटन बाइकच्या बाबतीत इंचांत आणि रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीच्या बाबतीत सेंटिमीटरांत सांगण्याचा प्रघात आहे. काही उत्पादक हे अंतर नळीच्या टोकापर्यंत न मोजता, आडवी नळी जिथे येऊन मिळते तिथल्या मध्यापर्यंत मोजतात, त्यामुळे एकाच सायकलीची दोन मापे निघू शकतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. एवढ्याने ज्यांचा गोंधळ उडत नाही, त्यांच्यासाठी आपल्या बाजाराने आणखी एक सोय केलेली आहे. येथे सायकलीवर ‘२६ टी’, ‘२७.५ टी’ किंवा ‘२९ टी’ असे ठळक छापलेले असते. हा आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नव्हे. तरीही उंच गिऱ्हाइकाला एकोणतीस आणि बुटक्याला सव्वीस असा निवाडा बहुतेक दुकानांत अर्ध्या मिनिटात होतो, आणि फ्रेमचा विषय कोणी काढलाच तर ‘सीट वर-खाली होते की साहेब!’ एवढ्या एका वाक्यात तो निकालात निघतो.

एकोणतीस या आकड्याचा बाजारात जो दरारा आहे, त्याविषयी जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. या चाकाच्या रिमचा व्यास, टायरची कडा जिथे बसते तिथे, ६२२ मिलिमीटर असतो. एकोणतीस इंच हा जाड टायर चढवल्यानंतरच्या बाहेरच्या व्यासाचा ढोबळ अंदाज होय. दुधाच्या किटल्या लटकवून दारोदार जाणाऱ्या काळ्या सायकलीचे ‘अठ्ठावीस इंची’ चाक मात्र ६३५ मिलिमीटरच्या रिमचे असे. म्हणजे निदान रिमपुरते तरी अठ्ठावीस हे एकोणतिसापेक्षा मोठे ठरते, पण त्या काळच्या दूधवाल्यांनी याचा कधी गाजावाजा केला नाही.

त्या काळ्या सायकलीची फ्रेम प्रामुख्याने २२ किंवा २४ इंचांची असे आणि तिची निवड ही वैयक्तिक बाब मानली जात नसे. घरात सायकल एक असे, ती कर्त्या पुरुषाच्या मापाची असे आणि उरलेल्या मंडळींनी उंचीतली तूट कौशल्याने भरून काढावी अशी अपेक्षा असे. या कौशल्याला ‘हाफ पायडल’ म्हणत: सीटपर्यंत न पोचणारे मूल उजवा पाय आडव्या नळीखालून पलीकडे घालीत असे, अंग डाव्या बाजूला झुकते ठेवीत असे आणि पायडलाची पूर्ण फेरी न मारता ते अर्ध्यावरच खाली-वर करीत पुढे सरकत असे. देह आणि यंत्र यांच्या प्रमाणाविषयीचे सगळे नियम धाब्यावर बसवूनही सायकल चाले, यावरून मुलांची लवचिकता सिद्ध होते, मापाची निरर्थकता नव्हे. दुर्दैवाने अनेक घरांनी यातून दुसराच निष्कर्ष काढला. शाळेचा गणवेश, चपला आणि रेनकोट ज्या तत्त्वानुसार घेतले जात, ते ‘वाढत्या अंगाचे’ तत्त्व सायकलीलाही लागू झाले. आणि मुलाची वाढ थांबल्यावरही, म्हणजे तो नोकरीला लागून स्वतःच्या पैशाने सायकल घ्यायला गेल्यावरही, ‘अजून एक साइझ मोठी दाखवा’ हे शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघत राहिले.

खुद्द माउंटन बाइकचा जन्मही मापाची चौकशी न करता झाला, हे येथे सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरी उतारावर १९७६ साली काही तरुणांनी ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू केली. त्यांच्या सायकली श्विन कंपनीच्या एक्सेल्सियरसारख्या, कित्येक दशके जुन्या, जाड टायरच्या आणि बऱ्याचदा अडगळीतून उचललेल्या असत. पायडल उलटे दाबले की लागणारा त्यांचा ब्रेक उतारावर इतका तापे की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरूनच शर्यतीला ते नाव पडले. अडगळीत सापडलेल्या फ्रेमला माप विचारण्याची पद्धत नसते. जी सापडेल ती आपली. पुढे १९७७ साली जो ब्रीझ या कारागिराने खास या कामासाठी फ्रेम घडवली, १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली, आणि डोंगर न पाहिलेल्या लोकांनाही डोंगरी सायकल घेता येऊ लागल्यावर मापाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला.

या प्रश्नाचा पहिला भाग नाजूक आहे. खडकाळ वाटेवर सायकल अचानक थांबते आणि स्वाराला सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकावे लागतात. अशा वेळी आडवी नळी आणि ज्या अवयवांवर घराण्याचा वंशविस्तार अवलंबून असतो ते अवयव यांच्यात पुरेसे अंतर असणे इष्ट होय. नळीच्या जमिनीपासूनच्या उंचीला स्टँडओव्हर म्हणतात आणि माउंटन बाइकमध्ये तिच्यावर किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहावी, असे मानले जाते. सपाट रस्त्यावरच्या सायकलीला याच्या निम्मी जागा चालते, कारण तेथे संकट येताना निदान दिसते तरी. ही जागा मिळावी म्हणून माउंटन बाइकची वरची नळी हँडलकडून सीटकडे उतरती करण्यात आली. साडी किंवा झगा घालून चढता यावे यासाठी ‘लेडीज सायकल’ची वरची नळी फार पूर्वीच खाली आणलेली होती, तिच्यावर बसण्यापेक्षा चालत जाणे पत्करणारी पुरुषमंडळी आज त्याच दिशेने निम्म्यापर्यंत उतरलेल्या नळीसाठी लाखभर रुपये आनंदाने मोजतात, आणि ही प्रगतीच म्हणायची.

नळी उतरती झाल्याने उभी नळी आखूड झाली आणि मापाचे आकडेही खाली आले. येथे इनसीम ही संज्ञा येते: जांघेपासून जमिनीपर्यंतची उभी लांबी. शिंप्याने पँटसाठी घेतलेले आतल्या शिवणीचे माप येथे चालत नाही, कारण पँट जांघेला टेकत नाही आणि जमिनीलाही टेकू नये अशी अपेक्षा असते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, पावले थोडी फाकवून उभे राहावे, कडक पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांत धरून सीटचा दाब जाणवेल इतके वर ओढावे, पुस्तकाची कड भिंतीला काटकोनात ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करावी आणि ती खूण जमिनीपासून मोजावी. ग्रंथाची निवड येथे महत्त्वाची आहे. दिवाळी अंक मध्येच वाकतो आणि माप कमी दाखवतो. कवितासंग्रह बहुधा फार पातळ निघतो. मराठी विश्वकोशाचा एखादा खंड मात्र या कामी अत्यंत विश्वासार्ह आहे आणि कित्येक घरांत त्याला कपाटाबाहेर येण्याची ही पहिलीच संधी ठरेल. हे माप घेताना घरातल्या दुसऱ्या माणसाची मदत लागते आणि त्या माणसाने हसू नये, अशी अट कोणत्याही तक्त्यात घातलेली आढळत नाही.

समजा, माप ७८ सेंटिमीटर आले. एका प्रचलित सूत्रानुसार त्याला ०.२२६ ने गुणले असता माउंटन बाइकची फ्रेम साधारण साडेसतरा इंचांची येते; रस्त्यावरच्या सायकलीसाठी याच मापाला ०.६६५ ने गुणतात, तेव्हा उत्तर ५२ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंचांहून थोडे अधिक निघते. ग्रेग लेमाँड या अमेरिकी सायकलपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणखी एका सूत्राप्रमाणे ७८ ला ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, ती येते ६९ सेंटिमीटरांच्या आसपास. आपल्याकडे सीट एवढी वर घेतली की गिऱ्हाईक घाबरते, कारण बसल्या बसल्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्याखेरीज सायकल आपली वाटत नाही. परिणामी गुडघे हनुवटीच्या भेटीला जातात आणि महिनाभरात गुडघेदुखीचे खापर सायकलीवर फुटते.

ज्यांना हे गणित नको असते, ते उंचीच्या तक्त्याकडे वळतात, आणि खरी करमणूक तेथे सुरू होते. बहुतेक तक्त्यांत पाच फूट सहा इंच, म्हणजे १६८ सेंटिमीटरांच्या आसपास, ‘एस’ माप संपते आणि ‘एम’ सुरू होते, आणि महाराष्ट्रातले असंख्य पुरुष नेमके त्याच कुंपणावर उभे असतात. त्यातही विवाहाच्या जाहिरातीत दिलेली उंची आणि भिंतीवर मोजलेली उंची यांत एखाद्या इंचाचा स्नेहभाव असतोच. शिवाय मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबल्यामुळे माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका होतो, हे शास्त्राने मान्य केलेले सत्य आहे. म्हणजे दुकान उघडताना आलेले गिऱ्हाईक ‘एम’ असले, तरी कचेरी सुटल्यावर आलेले तेच गिऱ्हाईक ‘एस’ असू शकते. अशा सीमेवरच्या माणसाने वळणावळणाच्या, तीव्र उताराच्या वाटांसाठी लहान आणि लांब पल्ल्याच्या, सरळ वाटांसाठी मोठे माप घ्यावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. तो योग्य आहे. मात्र पुण्यातली बहुसंख्य माउंटन बाइक गतिरोधकाखेरीज दुसरा कोणताही चढ चढत नाही, हे सल्ला देताना गृहीत धरलेले नसते.

लहान फ्रेम घेऊन सीटची नळी, म्हणजे सीट पोस्ट, वर ओढत जाण्यालाही मर्यादा आहे. या नळीवर एक आडवी रेघ कोरलेली असते आणि ती फ्रेमच्या बाहेर दिसू लागली की पोस्ट किमान आवश्यकतेपेक्षा कमी आत राहिला, असे समजावे. ही रेघ बहुतेकांना नक्षी वाटते. ती ओलांडली की स्वाराचे सगळे वजन उभ्या नळीच्या तोंडाशी तरफेसारखे पडते आणि एखाद्या खड्ड्यात तिथेच तडा जातो. ‘सीट वर-खाली होते की’ या वाक्याचा उत्तरार्ध त्या रेघेवर लिहिलेला असतो.

पण सीट खरोखरच वर-खाली होते, हे नाकारता येत नाही, आणि म्हणूनच अलीकडच्या अभियंत्यांनी उभ्या नळीचा नाद बराचसा सोडून दिला आहे. पायांचा प्रश्न पोस्टने सुटतो. धड आणि हात यांचा सुटत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून सरळ वर जाणारी रेषा कल्पिली, तर तिच्यापासून पुढच्या चाकाच्या चिमट्यावरच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. पायडलांवर उभे राहून उतरताना स्वाराला जी जागा मिळते ती हीच. ती ठरते हातांच्या लांबीवरून, आणि दोन्ही हात पसरले असता बोटांच्या टोकांमधले अंतर उंचीपेक्षा जास्त भरणाऱ्याने मोठ्या मापाचा विचार करावा. या नियमाने पाहता आजानुबाहू श्रीरामाला त्याच्याच उंचीच्या इतर कोणाहीपेक्षा एक माप मोठी सायकल लागली असती.

दोन दशकांपूर्वी मध्यम मापाच्या माउंटन बाइकची रीच ४०० मिलिमीटरांच्या आसपास असे. आता ती ४५० च्या घरात गेली आहे. हँडलला धरून ठेवणारा स्टेम त्याच काळात निम्म्यावर आला, आणि हँडलवरचा खटका दाबताच सीट खाली नेणाऱ्या ड्रॉपर पोस्टमुळे उभी नळी आणखी आखूड झाली. स्पेशलाइज्ड कंपनीने तर काही मॉडेलांसाठी उंचीची नावेच टाकून शयनयान डब्यांसारखी एस-१ ते एस-६ अशी मापे दिली, आणि पायांच्या लांबीकडे फारसे न पाहता स्वाराने आपल्याला सायकल किती लांब हवी ते ठरवावे, असे सुचवले. थोडक्यात, सायकल लांबीला एक माप मोठी आणि उंचीला एक माप लहान झाली. ‘वाढत्या अंगाची घ्या’ म्हणणाऱ्या मातोश्री निम्म्याने बरोबर होत्या, पण त्यांना ते पेटंट घ्यायचे सुचले नाही.

तक्त्यांनी विचारात न घेतलेले एक माप मात्र उरतेच. लांबलेल्या सायकलीच्या दोन्ही आसांमधले अंतर १२० सेंटिमीटर धरले आणि त्यात टायरसह एका चाकाचा व्यास, साधारण ७४ सेंटिमीटर, मिळवला, तर तिची एकूण लांबी १९४ सेंटिमीटर भरते. सोसायटीच्या लहान लिफ्टमध्ये ती आडवी मावत नाही, म्हणून मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. आणि लिफ्टचे दार बहुधा दोन मीटर उंच असते. मोठ्या मापात आसांमधले अंतर १३० च्या जवळ गेले, की सायकल तिरकी करून, हँडल शेजारच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीवरून वळवून आत घ्यावी लागते आणि दुसऱ्याच दिवशी ‘सायकली जिन्याने न्याव्यात’ अशी सूचना नोटीस बोर्डावर लागते. सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि दोन मापांच्या मधोमध सापडलेल्या गिऱ्हाइकाने, रीच काहीही असो, लहान माप घ्यावे.