नानांचं वाळवण

सहा महिन्यांच्या व्हिसावर मी मुलीकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला निघाले, तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी डोळे मिचकावून विचारलं होतं, ‘‘काही गोड बातमी?’’ बातमी होती, पण साडेसहा इंचांची आणि पाठीवर कवच असलेली. हर्मन जातीचं कासव, अंगात मायक्रोचिप, नाव नाना. आपल्याकडे तारांकित कासव घरात ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कोर्टाची पायरी चढावी लागते. तिथे नानांची कागदपत्रं माझ्या व्हिसापेक्षा चोख होती.

‘‘आई, दिवसभर तू घरी, तर यांचं जेवणखाण तुझ्याकडे,’’ मुलगी म्हणाली. मी उत्साहाने पालक निवडायला घेतला, तर तिने हातातून जुडीच काढून घेतली. पालकातलं ऑक्झलेट म्हणे कॅल्शियम अंगी लागू देत नाही. फळंही नकोत. नाना मूळचे भूमध्य समुद्राकाठचे, दगडधोंड्यांतलं रखरखीत खाऊन वाढणाऱ्या कुळातले. त्यांना हवं तण. माझ्या सासूबाईंनी जन्मभर परसातलं तण उपटून फेकलं आणि मी ते वेचायला विमानाने आले!

शेजारच्या आजोबांना आधी विचारून घेतलं, लॉनवर औषध मारलंय का. नाही म्हणाले. तुमचे डँडेलियन मी उपटून नेते म्हटल्यावर त्यांनी फाटक उघडंच ठेवलं. फुकटची निंदणी कोण सोडतो? तिथेच प्लॅन्टेन नावाचं लांबट पानांचं तण भेटलं. ते आपल्या इसबगोलाचं सख्खं चुलतभावंड निघालं. आमचे हे वीस वर्षं रात्री इसबगोल घेऊन झोपतात. नानांच्या पोटाचंही सगळं गणित चोथ्यावरच. त्यामुळे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. चुकलं, सासरी.

हिवाळ्याकडे तण मिळत नाही, म्हणून वाळवून ठेवायचं. हे ऐकून माझे हात शिवशिवले. जुनी चादर अंथरली, पाला पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, आता कावळे हाकलायला काठी घेऊन बसायचं तेवढं बाकी होतं. ‘‘आई, उन्हात नाही गं!’’ उन्हात रंग उडतो आणि कसही जातो. सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. कुरडयांचं शास्त्र उलटं करून शिकले. त्यात तिथला पाऊस विचारून येत नाही. शेवटी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ट्रे ठेवले. तीन दिवसांत पानं अशी कुरकुरीत झाली, की चिमटीत चुरली. नेटल या डंख मारणाऱ्या तणाला हात लावायला आधी हातमोजे लागत, वाळल्यावर त्याचाही डंख गेला. सगळं बरणीत भरलं.

त्या बरणीतलं जावईबापूंनी कसुरी मेथी समजून पनीरमध्ये घातलं. ‘‘जरा कडसर आहे, पण छान,’’ म्हणत दोन वाट्या संपवल्या. डँडेलियन माणसंही खातात, हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले.

नाना मात्र गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी माझं वाळवण हुंगलं, त्यावर पाय दिला आणि त्यावरूनच पलीकडे चालते झाले. कोपऱ्यातली पांढरी वडी तेवढी कुरतडत बसले. ती कॅल्शियमसाठी ठेवलेली. मी बघताक्षणी ओळखली, आपलं समुद्रफेन! एरवी त्यांचा जीव पिशवीतल्या तयार गोळ्यांवर. त्या पाण्यात भिजल्या की साबुदाण्यासारख्या टम्म फुगायच्या, वास पावसात भिजलेल्या गंजीचा. पण नानांना ती मॅगी. म्हणूनच मोजून मिळायची.

मेथी न खाणाऱ्या मुलीला मी थालीपिठातून मेथी खाऊ घातलेली आहे. गोळ्या भिजवल्या, मळल्या, त्यात चिमूटभर चुरा. चार दिवसांनी चमचाभर. मग गोळ्या कमी, चुरा जास्त, वर पाण्याचा हबका. तीन आठवड्यांनी नाना नुसतं वाळवण खाऊ लागले. पहिला घास घेताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मुलीने थालीपीठ उकलून पाहिलं होतं तसंच.

ऑक्टोबरात मी परतले, तोवर नानांचा उपास लागला होता. झोपायच्या आधी दोन-तीन आठवडे पोट रिकामं करतात, नाहीतर आतलं अन्न थंडीत कुजतं. कार्तिकीच्या सुमारास इकडे विष्णू जागे झाले आणि तिकडे त्यांचा कूर्मावतार निजला, तोही चक्क फ्रीजमध्ये, पाच अंशांवर. मुलीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. हवा खेळावी म्हणून रोज एकदा फ्रीजचं दार उघडून मिनिटभर उभं राहायचं असतं.

याच गोष्टीवरून मी तिला अठरा वर्षं ओरडत होते.