उपसर्गकाका

धरमपेठेतल्या काकांना सकाळच्या घाईत 'नमस्कार' म्हणू नये. नमस् अधिक कार; त्यातला नमस् हा उपसर्ग नव्हे, लोक उगाच तसं समजतात; आणि इथं टिकलेला सकार 'नमोनमः'मध्ये कुठं गेला, इथवर काका पोचतात तोवर तुमची बस शंकरनगर ओलांडून गेलेली असते. जाणकार लोक लांबूनच हात हलवतात. हाताचा विग्रह होत नाही.

काकांचं खरं नाव वस्तीत कुणाला आठवत नाही. पोस्टमनसुद्धा उपसर्गकाकाच म्हणतो. उपसर्ग म्हणजे धातूच्या आधी लागून त्याचा अर्थ फिरवणारं अक्षर, आणि उपसर्ग म्हणजे त्रासही. हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात यांपैकी काय होतं, असं काकूंना विचारलं, तर त्या चहा टाकायला उठतात.

काका एका दैनिकात मुद्रितशोधक होते. खिळ्यांचा जमाना. कॉलम अरुंद, शब्द लांब, आणि ओळ संपली की शब्द तोडावाच लागे. जुळारी बिचारे जागा संपेल तिथं तोडत. एकदा 'अनधिकृत बांधकाम' या बातमीत वरच्या ओळीला 'अन' राहिलं आणि 'धिकृत' खाली आलं. काका गॅली घेऊन धावत आले. "काहून तोडलं बे इथं? अन् अधिक अधिकृत आहे तो! याच्यानं अधिकाऱ्याचा धिक्कार होऊन राहिला ना!" जुळारी म्हणाला, बातमी वाचली तर तेच बरोबर आहे.

पण काकांचा मुद्दा विनोदी नाही. शब्द उच्चाराप्रमाणे तोडायचा की अर्थाप्रमाणे, हा खरा पेच आहे. 'निरपराध' बोलताना आपण नि-र-प-राध असं बोलतो. अर्थाचा सांधा मात्र निर् आणि अपराध यांच्यामध्ये आहे, आणि तो बरोबर 'र'च्या पोटातून जातो. र् वरच्या ओळीत ठेवावा तर अ खाली एकटा उगवतो, आणि अख्खा र वर ठेवला की खाली 'पराध' नावाचा कुणी परका माणूस येऊन बसतो. 'दुराचार', 'निरुत्साह', 'पुनरुच्चार', सगळ्यांची हीच गत. काका मग अख्खा शब्दच खालच्या ओळीत ढकलत. वरची ओळ दात पडल्यासारखी दिसे आणि फोरमन ओरडे. काका म्हणत, निरपराध माणसाला तोडण्यापेक्षा ओळ विरळ झालेली बरी.

पुढे संगणक आले. ओळी आपोआप बसू लागल्या, काका निवृत्त झाले आणि हातातलं सगळं काम वस्तीवर आलं.

वस्तीत लग्न निघालं की मुलीचे वडील पत्रिका त्यांच्यापासून लपवतात. एका पत्रिकेवर 'अगत्याचे निमंत्रण' होतं. काकांनी चष्मा पुसला. निमंत्रण आणि आमंत्रण यांत जुने वैयाकरण फरक करतात. निमंत्रण म्हणजे टाळता न येणारं बोलावणं, आणि त्याचं त्यांनी दिलेलं उदाहरण म्हणजे श्राद्धाच्या जेवणाला बोलावलेला मुलीचा मुलगा. आमंत्रण म्हणजे आलात तर आनंद, नाही आलात तरी चालेल. हे सगळं काकांनी हॉलवाल्यासमोर, केटररसमोर आणि व्याह्यांसमोर सांगितलं. पत्रिका बदलून 'आमंत्रण' छापायची वेळ आली. तेव्हा मुलीचे वडील एवढंच म्हणाले, "काका, तुम्हाला मात्र आमंत्रणच."

काका पहिल्या पंगतीला होते.

कुणी वैतागून 'हे उपसर्गाचं खूळ आलं कुठून?' म्हटलं, की काका अभिमानानं सांगतात, नागपुरातून. आणि ते खोटं नाही. डॉ. रघुवीर लाहोरहून आपली सरस्वती विहार ही संस्था घेऊन १९४६ साली नागपुरात आले. मध्य प्रांत-वऱ्हाडचा कारभार इंग्रजीतून हिंदी-मराठीत आणायचा होता, मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांचा पाठिंबा होता, आणि रघुवीरांकडे सूत्र होतं: थोडे संस्कृत धातू घ्या, मूठभर उपसर्ग आणि प्रत्यय घ्या, गुणाकार करा, लाखो शब्द तयार. 'धा' हा एकच धातू. वि लावला की विधान, सम् आणि वि लावले की संविधान, परि लावला की परिधान, प्र लावला की प्रधान. डिसेंबरात विधानभवनासमोरून जाताना काका दाखवतात, "पाहा, विधानासाठी प्रधान लोक नवं परिधान घालून येऊन राहिले. धातू एकच."

रघुवीरांचे सगळेच शब्द टिकले नाहीत. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति. काकांनी तेही सोडले नाहीत. मध्यंतरी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं. सिस्टरनं बोटाला चिमटा लावला, तर काका विचारतात, "जारक किती आहे?" तिनं घाबरून डॉक्टरांना बोलावलं: पेशंट बरळतो आहे. जारक अठ्ठ्याण्णव होता.

१९५६ साली रघुवीर दिल्लीला गेले आणि त्याच वर्षी नागपूरचं राजधानीपणही गेलं. पुढे महाराष्ट्रात आपण उपराजधानी झालो. काकांच्या मते शहराचा सगळा इतिहास एवढाच: राजधानी होती, तिला उपसर्ग झाला. मग त्यांना विचारायचा तो प्रश्न कुणीतरी विचारतोच, की वेगळ्या विदर्भाचं काय? आयुष्यभर तोडण्याचंच काम केलेला माणूस, वाटतं, एका घावात उत्तर देईल. काका म्हणतात, "विदर्भ आधीच तुटलेला शब्द आहे. वि अधिक दर्भ, जिथं दर्भ नाही तो, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पुढचं तोडायचं असंल तर आधी ठरवा, उच्चारावरून तोडता की अर्थावरून?" आजवर दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी त्यांना आपला माणूस मानलेलं आहे.

शहाण्या माणसानं त्यांना कचेरीत नेऊ नये. घरटॅक्सच्या कामाला गेले असता दारावर पाटी होती, 'उप अभियंता'. मधे चांगली बोटभर जागा. काका आत गेले ते टॅक्स विसरून. "साहेब, उप अधिक अभियंता, उपाभियंता पाहिजे. इथं संधी झालेली नाही." साहेबांनी फाइल मिटली. "तेच तर म्हणतो ना काका. इतकी वर्षं झाली, मला संधीच नाही मिळाली." दोघांनी मिळून चहा घेतला. पाटी तशीच आहे. टॅक्सही.

फारसीचंही त्यांना वावडं नाही. बेकायदा, बेइमान, बेजबाबदार: सगळ्या महाराष्ट्रात हा 'बे' शब्दाच्या आधी लागतो, नागपुरात तसाच एक बे वाक्याच्या शेवटी बसतो. काय करून राहिला बे? दोघांचं नातं नाही हे काका जाणतात, पण जागा बदलण्याचं हे धाडस फक्त आपल्या गावात झालं, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही, तरी मी मान हलवतो. काकू मात्र दाद देत नाहीत. एकदा बशीतल्या उपम्याकडे बघून काका म्हणाले, "उप अधिक मा, मोजणे." काकू म्हणाल्या, दक्षिणेकडे मिठाला उप्पू म्हणतात, त्याचं ते नाव, आणि तेच कमी पडलं असेल तर डबा तुमच्या मागे आहे.

आणि आता नातू स्वीडनला नोकरीला गेला. गोथेनबर्गला. तिकडच्या भाषेत शब्द एकमेकांना चिकटवून लांबच लांब करतात, आणि ओळीच्या शेवटी ते तोडायचे कसे, याचे नियम शाळेत शिकवतात. नातवानं सहज सांगितलं: साधा शब्द असेल तर दोन स्वरांमधलं शेवटचं व्यंजन खालच्या ओळीत न्यायचं, पण उपसर्ग किंवा जोडशब्दाचा सांधा दिसत असेल तर तिथंच तोडायचं. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. निरपराधाचा न्याय स्वीडनमध्ये झाला होता!

तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ कॉल. नातू 'ऊलिक्का' सांगतो: लिक्का म्हणजे सुख, दैव, आधी नकाराचा ऊ लावला की अपघात. काकांना ते भलतंच आवडलं. "आपण घाताला अप लावतो. घात आधीच वाईट, त्याला आणखी काय वाईट करता? यांनी सुखाला नुसतं नाही म्हटलं, झाला अपघात." सून मागून पुटपुटते की त्याला सकाळी ट्राम पकडायची असते. पण खरा घोटाळा केला 'बीलद्रुल्ले' या शब्दानं. बील म्हणजे मोटार आणि द्रुल्ले म्हणजे धांदरट, म्हणून बीलद्रुल्ले म्हणजे भिकार गाडी चालवणारा. तोच शब्द एक अक्षर पुढे तोडला की बिल्ड-रुल्ले, म्हणजे चित्रांची गुंडाळी. लिहायचा एकच. काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग लागलं, कारण नागपूरच्या रस्त्यावर या शब्दाला किती काम आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

परवा व्हेरायटी चौकात सिग्नल लाल असताना एक पोट्टा उलट्या बाजूनं स्कूटर घालून काकांच्या छत्रीला घासून गेला. काका गरजले, "ए बीलद्रुल्ले!"

पोरानं ब्रेक मारला, मागे वळून बघितलं आणि हेल्मेटची काच वर केली. "बिल्डर नाही जी मी, काका. डिलिव्हरीवाला आहो."

काकांनी बोट वर केलं. "डिलिव्हरीतला डि आहे ना," ते म्हणाले, "तो उपसर्गच आहे बरं का." सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या रांगेनं एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली.