गुलाबी किनारा

पुण्याच्या मित्राला समुद्र बघायचा होता, म्हणून त्याला ठाण्याच्या खाडीवर नेलं. २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ. काठावर निर्माल्याच्या पिशव्या, गाठसुद्धा न सोडता अर्पण केलेल्या. श्रद्धा अशी घट्ट हवी!

फ्लेमिंगो बिचारे शेवाळ खात खात गुलाबी होणार, त्यात वर्षं जातात. डोंबिवलीकरांना एवढा धीर कुठला? २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी केला. पक्ष्यांचा खर्च वाचला.

संध्याकाळी कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली उभे राहिलो. इथे शिवरायांनी आरमाराचा पाया घातला. आता आरमाराची गरजच नाही. वारा फिरला की गलबतं आपसूक माघारी जातील.

मित्राने नाकावर रुमाल धरला. ‘‘मग खाडी दिसणाऱ्या फ्लॅटला जादा पैसे कसले?’’

‘‘खिडकी घट्ट बसते ना!’’