रविवारी दोनशे किलोमीटर कसे मारावेत

परळ-भोईवाड्याच्या चाळीत राहून डोंगरातला सायकलवीर व्हायचे असेल, तर आधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घ्यावी. रुंद दातेरी टायर, पुढे सस्पेन्शन, एकूण वजन चौदा-पंधरा किलो. डोंगर लांब असला तरी तिसरा मजला जवळ असतो. सायकल खाली ठेवली तर सकाळपर्यंत तिची सीट दुसऱ्याच्या संसाराला लागते, म्हणून ती रोज खांद्यावर घेऊन लाकडी जिना चढावा. या सरावाला फी नाही. गॅलरीत ती अशा बेताने टेकवावी, की हँडल शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत अडकणार नाही. अडकलेच, तर काकूंना "मावशी" न म्हणता "काकू"च म्हणावे आणि साडी स्वतः घडी करून द्यावी.

मग स्पर्धा निवडावी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल गावी 1994 पासून शंभर मैलांची एमटीबी शर्यत होते. गावच मुळी दहा हजार फुटांवर, आणि बारा तासांच्या आत परतणाऱ्याला कमरपट्ट्याचे बक्कल मिळते. पण एका बक्कलासाठी एवढी रजा कुठलाही साहेब मंजूर करत नाही. आपल्याकडे पुणे ते गोवा अशी 643 किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर आहे. तिथे तावून सुलाखून निघालेले लोक पुढे ‘रॅम’ला जातात, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ 4,800 किलोमीटर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ती जोडीने पुरी केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत. इच्छुकाने ही नावे पाठ करावीत, डबा खाताना ऑफिसात सहज उच्चारावीत आणि स्वतः गुपचूप 200 किलोमीटरच्या बीआरएमला नाव द्यावे.

बीआरएम ही फ्रेंच पद्धतीची लांब सफर. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, मुदत साडेतेरा तासांची. पहिला-दुसरा कोणी नसतो. वेळेत पोचलेले सगळे सारखेच. उलट फार लवकर पोचण्यालाही बंदी आहे. पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत शेवटचा टप्पा उघडतच नाही. एमटीबीवाल्याने या कलमाची धास्ती घेऊ नये.

आता हिशेब. ताशी वीसने पायडल मारले तर दहा तास लागतात आणि चहा, पंक्चर, फोटो यांना साडेतीन तास उरतात. वेग सतरावर आला, की हाती राहतात जेमतेम पावणेदोन तास. दातेरी टायर डांबरावर गुरगुरत जोर खातो, त्यामुळे एमटीबीचा वेग सतराकडे ओढला जाणारच. म्हणून आदल्या आठवड्यात सपाट टायर चढवावेत आणि हवा नीट भरावी. मित्र सुचवतील त्या कार्बनच्या बाटली-स्टँडपेक्षा हा उपाय स्वस्त आणि गुणकारी.

शनिवारी लवकर झोपावे. भोईवाड्यात हे शक्य नाही, तरी आडवे व्हावे.

मुंबईतून पुण्याच्या अंगाला निघालेल्याला घाट चुकत नाही. एक्स्प्रेसवेवर सायकलला मज्जाव आहे, तेव्हा पनवेलपासून जुना रस्ता धरावा. खोपोलीत वडापाव एकच खावा. दुसरा शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास वर येतो. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर तो शिंगरोबा, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले तिथे नाणे टाकतात, सायकलवाल्यानेही टाकावे. तेवढेच वजन कमी. चढावर सस्पेन्शन लॉक करावे, नाहीतर प्रत्येक पायडलला पुढचा फोर्क नमस्कार घालतो आणि जोर त्यातच जातो. गिअर चढ लागायच्या आधी हलका करावा. ताण आल्यावर बदलला, तर चेन कडाकडा ओरडते आणि कधी उतरतेही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. बीआरएमवाल्याने प्रजेत राहावे. परतीच्या उतारावर ब्रेक धरून ठेवू नयेत, सोडत-दाबत यावे. सतत दाबले तर ते तापतात.

वाटेतले टप्पे गाठल्याचा पुरावा लागतो. स्वयंसेवक असला तर तो कार्डावर सही-शिक्का मारतो. नसला तर हॉटेलचे बिल किंवा एटीएमची चिठ्ठी चालते. त्यामुळे कुडकुडत्या पहाटे, डोक्यावर हेल्मेट, अंगात चकाकणारे जाकीट आणि गुडघ्याला वंगण अशा अवताराने एटीएमवर जाऊन शंभर रुपये काढावेत. वॉचमन संशयाने बघेल. त्याला बीआरएम समजावत बसू नये. त्यात वीस मिनिटे जातात. चिठ्ठी आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, कारण जर्सीच्या खिशात घामाने शाई फुटते आणि वेळ वाचता येत नाही.

अंधार पडला की पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लागलाच पाहिजे. शिवाय कोणी ओळखीचा गाडी घेऊन मागून केळी पुरवत आला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे. टप्प्यांखेरीज बाहेरची मदत नियमात बसत नाही.

सोमवारी ऑफिसला जाताना दादरचा पूल चढावा लागेल. कठड्याला धरून चढावा. काही आठवड्यांनी पॅरिसच्या दप्तरी नोंद होऊन सफरीला क्रमांक मिळतो. पदक हवे असल्यास वेगळे पैसे भरावेत. चाळीत आणि ऑफिसात सगळे एकच विचारतील, "कितवा नंबर आला?" बीआरएममध्ये नंबर नसतो, हे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा पॅरिसचा तो लांबलचक आकडा शांतपणे, एकेक अंक सुटा करून सांगावा.