पंधरं पाऊण सव्वाअकरा

इंग्लंडमध्ये मोटार चालवायला लायसन्स लागतं, घरी टीव्ही बघायला लागतं, नदीकाठी गळ टाकून बसायलासुद्धा लागतं. स्वतःची शिडाची बोट घेऊन थेट समुद्रात जायला मात्र कुठलंच लायसन्स लागत नाही. म्हणजे बोट विकत घेणाऱ्याला अक्कल असतेच, असं इथलं सरकार धरून चालतं. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस त्या सरकारनं पाहिलेला नसावा. आमच्याकडे पाणी म्हणजे सकाळी सहा ते आठ, आणि तेही वाड्याच्या नळाला.

आमची बोट वेस्टर्ली सेंटॉर. लांबी सव्वीस फूट, अंग फायबरग्लासचं. लॉरेंट जाइल्स यांच्या आराखड्यावरून १९६९ पासून १९८० पर्यंत अशा २,४०० हून जास्त बोटी बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी अजून तरंगतात. तिला ‘क्लासिक’ म्हणतो ते आम्ही मालक. बाकीचे लोक ‘अजून चालते?’ एवढंच विचारतात. जुन्या मोटारीच्या किमतीत मिळाली म्हणून घेतली, आणि घेतल्यावर कळलं की किंमत ही किरकोळ बाब असते. धक्क्याचं भाडं फुटावर. वर्षातून एकदा क्रेननं उचलायची, तळ खरवडायचा, शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा रंग लावायचा. तो रंग तळापेक्षा माझ्या केसांना जास्त टिकतो. ‘तुमचं काय बुवा, बोट आहे, मजा आहे,’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एप्रिलमधल्या गार पावसात खरवडणी द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

या बोटीचं खरं वैशिष्ट्य तिच्या बुडाशी आहे. साध्या शिडाच्या बोटीला मधोमध एकच कील असते, म्हणजे बुडाखालचा उभा पंखा. ओहोटीत खालचं पाणी गेलं की बोट आडवी होते. सेंटॉरला दोन्ही अंगांना एकेक कील, त्यामुळे जेवणाच्या पंगतीत मांडी घालून बसावं तशी ती चिखलात सरळ बसते. तीन फूट पाणी असलं की तरंगते, नसलं की बसते. एसेक्सच्या किनाऱ्यावर हा गुण लाखाचा, कारण इथे समुद्र दिवसातून दोनदा घर सोडून जातो.

आम्ही ती वॉल्टनजवळ हॅमफर्ड वॉटरमध्ये ठेवतो. बेटं, खाड्या आणि खाजण यांचं ते एक जाळं आहे. आर्थर रॅन्समनं ‘सीक्रेट वॉटर’ ही १९३९ ची मुलांची कादंबरी इथेच घडवली. जवळ नेझच्या टेकाडावर जहाजांना खूण म्हणून १७२० साली बांधलेला विटांचा मनोरा आहे. मनोरा बघून झाला.

यंदा उन्हाळ्यात हर्णैहून माझ्या बायकोचे, मेधाचे, आईवडील आले. सासरे, अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले. मी त्यांच्यासमोर भरती-ओहोटीच्या कोष्टकांचं जाडजूड पुस्तक उघडलं, तर ते म्हणाले, ‘आज पौर्णिमा ना? पंधरं पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी भरलं.’

कोकणातला हिशोब आहे हा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही त्याच्यामागून. माझ्या पुस्तकात पावणेएक होते.

‘जावईबापू, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करता ना तुम्ही लोक? मग खरे पावणेबारा. उरला अर्धा तास, तो इंग्रज समुद्राचा. आमचा समुद्र वक्तशीर आहे.’

प्रत्येक बंदराची वेळ किनाऱ्याच्या ठेवणीप्रमाणे वेगळी असते, वॉल्टन आणि हर्णै यांचं जुळतं हा निव्वळ योगायोग आहे, हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. शेवटी ‘असेल, असेल’ म्हणून त्यांनी माझी समजूत घातली.

मग आम्ही चौघे बोट घेऊन निघालो. दुपारी दोनच्या सुमाराला, ओहोटी चांगली लागलेली असताना, इंजिनानं शिट्टी मारली. थंड करणारं पाणी आत येईना. हेच इंजिन उघडून महिन्यापूर्वी एका मेकॅनिकनं ‘आता पाच वर्षं बघायला नको’ असं सांगून बिल दिलं होतं. बघायला नको ते इंजिन की त्याचं तोंड, हे तेव्हा विचारायचं राहिलं. वारा पडलेला. नांगर टाकला. नांगरानं तळ घट्ट धरला, आणि प्रवाहानं बोट त्याच्याभोवती फिरवून अलगद चिखलाच्या काठावर नेऊन ठेवली. पाऊण तासात आम्ही पाण्यातून जमिनीवर आलो होतो. सरळ बसलो होतो, एवढं मी दोनदा सांगितलं.

शेवटच्या हातभर पाण्यातून एक म्हातारा वल्ही मारत गेला. ‘जागा छान निवडलीत,’ म्हणाला. हा टोमणा की कौतुक हे ओळखायला इंग्लंडात एक पिढी जावी लागते. पुण्यात लगेच कळतं.

‘पाणी कधी?’ मेधानं विचारलं.

‘पावणेबारा,’ मी म्हणालो.

‘साडेअकरा,’ अण्णा म्हणाले. ‘रात्रीचे. पण काळजी नको, उधाण अजून दोन दिवस चढतंय. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, तोंडावर बसलो असतो तर पंधरवडा इथेच.’

उतरून चालत जावं म्हणावं, तर हा चिखल मांडीपर्यंत घेतो. समोरच्या काठावर सील पहुडले होते. इथले सील विटकरी रंगाचे. चिखलातल्या लोहानं त्यांच्या केसांना गंज चढतो. मी ही माहिती दिली. कोणी ऐकली नाही, कारण अण्णांनी सुक्या बोंबलाचा तुकडा सुतळीला बांधून कीलशेजारच्या डबक्यात सोडला होता आणि त्याला खेकडा लागला होता. तळहाताएवढा, हिरवट. मग दुसरा. मग तिसरा. बोटीवरची एकुलती एक बादली खडखडू लागली.

तेवढ्यात सासूबाई मेधाच्या कानाशी लागल्या. मेधा माझ्या कानाशी लागली. मी घसा खाकरला.

बोटीतला संडास हा मुळात हातपंप असतो. दांडा हलवला की बुडाच्या एका भोकातून समुद्राचं पाणी आत येतं आणि दुसऱ्यातून सगळं बाहेर जातं. आमची दोन्ही भोकं त्या वेळी एसेक्सची ताजी हवा खात होती. हे सासूबाईंना सांगायला मी अभियांत्रिकी भाषा वापरली. ‘इनलेट वॉटरलाइनच्या वर आहे, आई.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे बादली,’ मेधा म्हणाली.

सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. बादलीतून एक नांगी वर आली.

‘लग्न झाल्यापासून हेच,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मला काही लागलं की त्यात ह्यांचे खेकडे.’

वाटाघाटी झाल्या. खेकडे स्वयंपाकाच्या सिंकमध्ये गेले, आम्ही दोघे पुरुष नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, जाऊन क्षितिजाचा अभ्यास करत उभे राहिलो. क्षितिजावर फेलिक्स्टोच्या कंटेनर बंदराच्या क्रेन होत्या. त्या आम्ही मोजल्या. पुन्हा मोजल्या.

‘आमच्या वडलांचा मचवा होता,’ अण्णा एकदम म्हणाले. ‘हर्णै ते मुंबई. सुपारी, नारळ. मी सातवीत असताना विकला. पाण्यावर पोट भरायचे दिवस गेले म्हणाले, शाळा शीक.’

‘तुम्ही चालवलात कधी?’

‘सुकाण्याला हात लावू द्यायचे नाहीत. सवय लागेल म्हणायचे.’

आणि ते पुन्हा क्रेन मोजू लागले. मला पुढे काही सुचलं नाही. एरवी मला सुचतं.

रात्री मेतकूट-भात झाला. भांडी घासायला सिंक मोकळं नव्हतं. चंद्र वर आला, कुठूनतरी चिखलात पाण्याची चुळबुळ सुरू झाली. आम्ही दोघे घड्याळ हातात घेऊन पण लावल्यासारखे बसलो होतो. सव्वाअकरा झाले आणि खालून, दाराआडून, पंपाचा घरघर आवाज आला. मग खळाळून पाणी. सासूबाई पदर सावरत वर आल्या.

‘आलं तुमचं पाणी,’ म्हणाल्या. ‘मघापासून बघतेय मी पंप मारून.’

साडेअकरा वाजून पाच-सात मिनिटांनी बोटीनं अंग हलवलं. तिथी की पुस्तक हा वाद तेव्हा मिटला नाही, अजून मिटलेला नाही. जमिनीकडून हलका वारा सुटला होता. नांगर वर घेतला, पुढचं शीड उघडलं, आणि सुकाण्याचा दांडा मी अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी दोन बोटांनी धरला. मग चार. मग बसल्या जागी ताठ झाले आणि त्यांच्या गळ्यातून पोस्टातला नसलेला आवाज निघाला.

‘दोरी ओढा! ती नव्हे, ती! जरा सैल! झोपलात काय जावईबापू?’

धक्क्यापर्यंत मी शिव्या खाल्ल्या. खाडीच्या कडेला रोवलेल्या काठ्यांपासून त्यांनी बोट हातभरही ढळू दिली नाही. मध्येच मागे वळून म्हणाले,

‘आणि ती बादली रिकामी करा आधी. वाऱ्याकडे तोंड करून ओतू नका म्हणजे झालं.’