कारण

वसईच्या मित्राने गावच्या सणाचं आमंत्रण दिलं, तेव्हा "मिस्सेलाही ये" असं तो सहज म्हणाला आणि मीही सहज "हो" म्हणून बसलो. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाच्या चर्चमध्ये जायचं, त्यात विचार कसला करायचा? विचार बायकोने केला. "तिथे गुडघे टेकावे लागतात," ती म्हणाली. "तुमचा डावा वाकत नाही."

आम्ही नगरचे, अमेरिकन मिशनचे. बोस्टनच्या संस्थेची ही मंडळी १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला पोचली. पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली. म्हणजे सीनिऑरिटी लावायची तर वसईकर आमच्यापेक्षा जवळजवळ तीनशे वर्षं पुढे. आमच्या देवळात (नगरकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) समोरच्या भिंतीवर एक रिकामा क्रूस, त्याच्या बाजूला घड्याळ आणि घड्याळाखाली पाळकसाहेब. बाकी पाहण्यासारखं काही नाही, आणि ते मुद्दामच नाही. मूर्ती, मेणबत्त्या, धूप यांबद्दल आमची आजी फारसं बोलत नसे. नुसता पदर सावरायची.

इथे पाहायला इतकं होतं, की मी दारातच अडलो. मागून माणसं येत होती. मित्राने जलपात्रात बोट बुडवून कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढला आणि तो पुढे सरकला. मागे वळायला जागा नव्हती. मीही बोट बुडवलं, पण कुठला खांदा आधी हे न सुचून शेवटी ते बोट शर्टालाच पुसलं.

मित्राच्या आईने मला शेजारी बसवलं. ऐंशीच्या पुढच्या बाई, लाल लुगडं, कानात सोनं. मित्राशी त्या सामवेदीत बोलत होत्या, माझ्यासाठी मात्र स्वच्छ पुस्तकी मराठीत आल्या. "आम्ही लहान होतो तेव्हा सगळं लॅटिनमध्ये असायचं. काही कळायचं नाही, पण चुकायचं नाही. आता सगळं कळतं," असं म्हणून त्यांनी थोडा विचार केला, "आणि झोप येते."

माझी खरी पंचाईत केली डोळ्यांनी. प्रार्थना म्हटली की आमचे डोळे आपोआप मिटतात, कपाळ पुढच्या बाकावर जातं आणि पाळकसाहेब आमेन म्हणेपर्यंत आम्ही तिथेच असतो. मधल्या काळात काय होतं ते परमेश्वराला ठाऊक. इथे मिटल्या डोळ्यांनी चालत नाही. मी मिटले आणि उघडले, तो सगळं चर्च उभं होतं. मी उभा राहिलो, ते बसले. पुन्हा मिटले, तर बाकाखालची फळी खाली येऊन सगळे गुडघ्यांवर. मी उजवा गुडघा टेकला, डावा बाहेर ठेवला आणि शर्यतीच्या पिस्तुलाची वाट पाहणाऱ्या धावपटूसारखा थांबलो.

प्रवचनाला मात्र जिवात जीव आला. बसायचं असतं आणि ऐकायचं असतं. यात आम्ही तरबेज. फादर तरुण होते, चष्मा लावलेले. त्यांनी सुरुवातच अशी केली, "आपल्या गावात सातवी आज्ञा सर्रास मोडली जातेय."

मी ताठ झालो. दहा आज्ञा आम्हाला शब्बाथशाळेत क्रमांकासकट घोटून घेतलेल्या. सातवी म्हणजे व्यभिचार.

"आणि तीही रात्रीच्या अंधारात," फादर म्हणाले, "केळीच्या वाड्यांमध्ये."

मी हळूच आजूबाजूला पाहिलं. कोणाच्या चेहऱ्यावर लाजबीज काही नव्हती. एक-दोघे तर खेदाने माना डोलवत होते. मित्राची वाडी मला ठाऊक होती. सकाळीच त्याने हौसेने फिरवून दाखवली होती.

"तरुण पोरांचं समजू शकतो. पण परवा एक साठीचे गृहस्थ सापडले." मित्राच्या आईने सुस्कारा सोडला. "आमच्याच वाडीत," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

"आणि सापडले तेव्हा," फादरनी आवाज चढवला, "त्यांच्या खांद्यावर अख्खा घड होता!"

तो घड डोळ्यांसमोर कुठे बसवावा हे मला कळेना. प्रवचन संपेपर्यंत मी त्याच विवंचनेत होतो. अर्थात ते बारा मिनिटांतच संपलं. बारा मिनिटांत आमचे पाळकसाहेब प्रस्तावनेतच असतात.

मग प्रभूची प्रार्थना आली. ही तर माझी! दोन वर्षांचा असल्यापासून पाठ. मी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि इतका वेळ मुका बसलेला माणूस आता बघा कसा म्हणतो, अशा थाटात खड्या नगरी आवाजात सुरू झालो. शेजारच्या बाकावरच्यांनी कौतुकाने पाहिलंदेखील. वाइटापासून सोडवण्याची विनंती संपली आणि आमच्याकडे त्याला जोडूनच राज्य-पराक्रम-गौरवाची ओळ येते, तिच्याकडे मी त्याच वेगाने वळलो.

"कारण..."

चर्च गप्प होतं. माझं एकट्याचं "कारण" वर गेलं, जुन्या लाकडी छताला लागलं आणि सावकाश खाली आलं. फादरनी चष्म्यावरून पाहिलं. सगळं चर्च जणू काय कारण आहे ते ऐकायला थांबलं होतं. मग त्यांनी शांतपणे त्यांची मधली प्रार्थना म्हटली, आणि ती होताच अख्ख्या चर्चने तीच ओळ म्हटली, "कारण"पासून. फक्त एका प्रार्थनेपुरतं थांबायचं होतं. तेव्हा मात्र माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ख्रिस्तप्रसादाला ओळी लागल्या. तो कॅथलिकांनाच, हे ठाऊक असल्यामुळे मी गुडघे आखडून सगळ्यांना जाऊ दिलं. रिकाम्या झालेल्या बाकावर उरलो मी, बायको आणि सहा-सात वर्षांचा एक पोरगा. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचंपण फर्स्ट कम्युनियन व्हायचंय?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"माझं पुढच्या वर्षी आहे," तो म्हणाला. "पाठ करावं लागतं सगळं. तुमचं चुकलं ना मघाशी?"

आवारात फादर भेटले, तेव्हा मी सातव्या आज्ञेचा विषय काढला. ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मूर्तींविषयीची आमची दुसरी आज्ञा ते पहिलीतच धरतात, त्यामुळे पुढची प्रत्येक एक घर वर सरकते. आमची आठवी, चोरीची, ती त्यांची सातवी. "मग दहा कशा भरतात?" मी विचारलं. शेवटची, लोभाची, फोडून दोन केलीय म्हणाले. शेजाऱ्याची बायको नववीत, बाकी मालमत्ता दहावीत.

"हे बरं आहे," बायको म्हणाली. "आमच्याकडे बायको, बैल आणि गाढव एकाच आज्ञेत आहेत."

निघताना मित्राच्या आईने सुकेळी बांधून दिली.

पुढच्या रविवारी मी आपल्या देवळात, आपल्या बाकावर. रिकामा क्रूस, घड्याळ, पाळकसाहेब. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. वाइटापासून सोडवण्यापर्यंत आलो आणि मी शहाण्यासारखा थांबलो. सगळं देऊळ "कारण" म्हणून तडक पुढे निघून गेलं. बायकोने कोपर मारलं तोवर आमेन झालं होतं.