नापासांचं अंगण

ब्रह्मा जातीचा कोंबडा पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्या पायांवर जाते. आपल्या गावठी कोंबडीचे पाय उघडे, काटकुळे. याच्या पायांवर पार बोटांपर्यंत पिसांचा भरगच्च झुपका. वजन साडेपाच किलोच्या आसपास, छाती पुढे काढलेली, भुवया डोळ्यांवर उतरलेल्या. चेहरा फौजदाराचा आणि स्वभाव मात्र इतका गरीब की पोरांनी कडेवर घेतलं तरी हूं की चूं करत नाही.

याचं नाव ब्रह्मपुत्रेवरून आलं, पूर्वज शांघायहून जहाजानं आले (चितगावचं रक्तही आहे म्हणतात) आणि जात घडली ती अमेरिकेत. १८४९ साली बॉस्टनला कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि लोकांना कोंबड्यांचं वेडच लागलं. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या हुशार गृहस्थानं १८५२ मध्ये असले नऊ पक्षी थेट व्हिक्टोरिया राणीला नजराणा म्हणून धाडले. मग भाव कुठे गेले असतील ते सांगायला नको. या पठ्ठ्यानं १८५५ मध्ये त्या वेडाची टिंगल करणारं पुस्तकही काढलं. म्हणजे आधी लोकांना कोंबड्या विकल्या, मग त्यांचीच फजिती त्यांना विकली. असा व्यापारी मला मनापासून आवडतो.

वेड ओसरलं, प्रदर्शनांचे नियम तेवढे उरले. १८७४ पासून अमेरिकेत एक ग्रंथ आहे, आज त्याचं नाव 'स्टँडर्ड ऑफ परफेक्शन'. तुरा कसा हवा, शेपटी किती उचललेली, कुठलं पीस कुठल्या रंगाचं, सगळं त्यात लिहिलेलं. ब्रह्माचा तुरा बुटका, तीन रांगांचा, मधली रांग जरा उंच. हिवाळ्यात असल्या तुऱ्याला हिमबाधा सहसा होत नाही, हा फायदा. पण परीक्षकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. एकेरी उभा तुरा निघाला की पक्षी बाद.

गडद ब्रह्माची तर तऱ्हाच वेगळी. कोंबडीच्या करड्या पिसापिसावर एकात एक बारीक काळ्या रेघा हव्यात, आणि कोंबड्याची छाती हवी काळी कुळकुळीत. एका जोडीतून दोन्ही साधेनात, म्हणून जुने जाणकार दोन खुराडी ठेवत: एक बक्षिसाचे कोंबडे निपजवायला, दुसरं बक्षिसाच्या कोंबड्या. या दुसऱ्या खुराड्यातला बाप स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला, तर परीक्षक त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. मुली मेरिटमध्ये, बाप नापास.

हे सगळं मला कळलं ते ओहायोत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांमुळे. नोव्हेंबरात कोलंबसला मोठं प्रदर्शन भरतं, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या गॅरेजात स्नानसोहळा असतो. एका टबात कोमट पाणी आणि लहान मुलांचा शाम्पू, दुसऱ्यात व्हिनेगरचे थेंब, तिसऱ्यात नुसतं पाणी. जुना टूथब्रश घेऊन आजोबा पंजे घासतात. पायावरचं कोवळं पीस मोडलं तर भळकन रक्त येतं, म्हणून त्यांचा श्वाससुद्धा बेतानं चाललेला. मग हेअर ड्रायर. गरम वारा लागला की कोंबडीची मान हळूहळू कलते आणि ती चक्क डुलक्या घेते. वर्षभर तिला कोरड्या भुशावर, बुटक्या दांडीवर जपलेलं असतं. ओल्या गवतात पाय टाकायची सोय नाही.

आमच्याकडे येतात त्या नापास झालेल्या. एकीच्या मधल्या बोटावर पीसच नाही, दुसरीच्या एकाच पिसाची कड मळक्या रंगाची. या बाया दिवसभर अंगणात भटकतात, मातीत लोळतात आणि बाहेर बर्फ साचलेला असताना तपकिरी अंडी देतात. उन्हाळ्यात मात्र खुडूक होऊन बसतात आणि जागेवरून उठता उठत नाहीत.

गेल्या वर्षी त्या बिनपिसाच्या बोटवालीला आम्ही आजोबांकडचीच अंडी देऊन रवणीला बसवलं. वजनदार आई, एक अंडं चेंगरलंच. पण बाकीची पिल्लं निघाली. ब्रह्मा वाढायला आळशी, वर्ष उलटलं तरी अंग भरतच असतं. त्यातला एक पोरगा आता असा काही उमलला आहे की आजोबा कुंपणाशी आले की आधी त्याला पाहतात, मग मला नमस्कार करतात.

परवा चहाला आले आणि आडून आडून विचारू लागले, याला कोलंबसला न्यायचं का? त्या वेळी तो माझ्या मेथीच्या वाफ्यात पाय ताणून पडला होता आणि डाव्या पायाची निम्मी पिसं चिखलानं तुटली होती. आजोबांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी समजावलं की पिसं दर वर्षी झडून नवी येतात, तोवर पोराला त्यांच्याकडच्या भुशावर ठेवलं तर पुढच्या साली नक्की काहीतरी होईल. मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि विषय मेथीकडे वळवला.